संकटकाळची पिशवी

अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. शहागड व गोंदी येथील मंडळीस हे सांगावयास नको. परंतु पूर म्हणजे आपल्या गावी पडलेल्या पावसाचे पाणी, ही समजूत आम्हांस धोक्याची वाटते. नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांत पडलेला पाऊस पैठणच्या जायकवाडी धरणात येतो. धरण भरलेले असले म्हणजे त्याचे दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. मग आपल्या शिवारात ऊन पडलेले असताही नदी चढू लागते. सन २००६ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठच्या कित्येक कुटुंबांस घरे सोडावी लागली.

पाणी सोडण्यापूर्वी सूचना मिळते खरी. पण ती ऐकल्यावर पेटी उघडून कागद शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. म्हणून प्रत्येक घरी एक पिशवी आधीच भरून दाराजवळच्या खुंटीस टांगलेली असावी.

तिच्यात प्रथम कागद ठेवावे, भाकरी मागाहून. भाकरी कोणीही शेजारी देईल; शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक व सातबारा यांच्या नकला कोणी देणार नाही, आणि पंचनाम्याच्या वेळी त्यांचीच विचारणा होते. ते सर्व प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घट्ट बांधावे. नातलगांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहावे, कारण मोबाइल बंद पडला म्हणजे त्यातील क्रमांकही गेले. विजेरी, आगपेटी, शिट्टी, थोडी सुटी नाणी व नोटा, नित्याची औषधे, एक चादर, आणि चणे, शेंगदाणे, गूळ एवढे पुरे. दागिन्यांचा मोह पिशवी जड करतो.

पुरानंतर जुलाबाची साथ संभवते. याकरिता साखर व मीठ यांच्या पुड्या असाव्या. उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून रोग्यास थोडे थोडे पाजावे. मीठ याहून अधिक घालू नये.

एक चाकूही असू द्यावा. गुरांच्या मायेने पुष्कळ जण मागे राहतात. ती हलविता येत नसतील तर त्यांची दावी कापून द्यावी. सुटलेले जनावर पोहून तरी निघेल.

मृगापूर्वी दरसाल पिशवी उघडून औषधांची मुदत पाहावी व खाऊ बदलावा. ती कोणी उचलावयाची हेही घरात ठरलेले असावे. ज्याच्या कडेवर मूल किंवा हाताशी म्हातारे माणूस असेल, त्याच्यावर हे काम सोपवू नये.