विंडोज अपग्रेड झालं आणि नॅस उघडेना

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची साठवणपेटी, कित्येक ठिकाणी उघडेनाशी झाली. अशा वेळी डिस्क गेली असं समजून लगेच रीसेट करू नका. प्रो आवृत्तीत आता एसएमबी, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या प्रोटोकॉलच्या, जोडणीवर डिजिटल सही सक्तीची आहे. ती सही पासवर्डातून तयार होणाऱ्या किल्लीने होते, त्यामुळे पासवर्डविना येणारा गेस्ट दाराशीच अडतो.

आधी पडद्यावरचा संदेश नीट वाचा. त्यात 'गेस्ट' असेल तर खात्याचा प्रश्न आहे. 'सिग्नेचर' चुकीची म्हटली असेल, तर नॅसला सही जमत नाही. नॅस सापडतच नसेल, तर एक्सप्लोररमध्ये नावाऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन तिचा आयपी पत्ता टाका. उघडली, तर अडचण फक्त नाव शोधण्याची.

गेस्टची अडचण सर्वांत जास्त दिसते. ब्राउझरमधून नॅसच्या ॲडमिन पानावर जा, प्रत्येकासाठी पासवर्डसह वेगळा युजर करा, फोल्डरची परवानगी द्या आणि गेस्ट बंद करा. मग विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये नॅसचा पत्ता आणि हाच युजर-पासवर्ड भरा. संगणकाचा पिन इथे चालत नाही. त्यानंतर साइन आउट करून परत या. एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन ओळखींनी बोलणं विंडोजला मान्य नसतं, म्हणून जुनी जोडणी तुटायला हवी.

सहीची अडचण असेल तर फर्मवेअर अद्ययावत करा, पण आधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्याच. मग नॅसच्या एसएमबी सेटिंगमध्ये किमान एसएमबी२, कमाल एसएमबी३ ठेवा आणि सही चालू करा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये हे फाइल सर्व्हिसेसखाली सापडतं.

विंडोजमधली सहीची सक्ती ग्रुप पॉलिसीतून काढता येते, पण मग ती सगळ्याच सर्व्हरसाठी निघते. एसएमबी१ ही जुनी आवृत्ती पुन्हा बसवायला तर माझा ठाम विरोध आहे: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्याच भोकातून पसरला. नॅसला एसएमबी१ शिवाय काहीच येत नसेल, तर ॲडमिन पानावरून फाइली उतरवून घ्या आणि तिला निवृत्त करा. फाइली काढण्यापुरती सहीची सक्ती बंद केली असेल, तर काम झाल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा चालू करा.