आजीची बाग, ससा आणि 230 व्होल्ट

ससा म्हटलं की आपल्याला आठवतो तो कासवाशी शर्यत लावून झोपी गेलेला, नाहीतर पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळलं असं ओरडत पळणारा. बालवाडीपासून सशाबद्दल आपलं मत चांगलंच असतं. माझंही होतं. 2024 च्या ऑगस्टपर्यंत.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे आपल्या होस्टेलच्या मागच्या वाफ्यांतली रोपं. ती कोण खातं यावर मेसमध्ये बरीच चर्चा झाली. क्रिकेट खेळणाऱ्यांवर संशय घेऊन झाला, मोकाट गुरांवर झाला, माळीकाकांवरसुद्धा झाला! तेव्हा मी म्हटलं, आमच्या घरी जे झालं ते एकदा लिहूनच काढावं.

आमचं घर पुरंदर तालुक्यात, सासवड-जेजुरी पट्ट्यात, गावाच्या अगदी कडेला. परसाच्या पलीकडे बांध, बांधाच्या पलीकडे माळ. परसात आजीची फुलबाग आहे. वीस फूट बाय बारा फूट, फार मोठी नाही. अष्टर, शेवंती, झेंडू आणि कोपऱ्यात एक जुना मोगरा. फुलं विकायची नसतात. देवाला, गणपतीला आणि दसऱ्याच्या तोरणांना लागतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आख्खी आळी टोपल्या घेऊन आमच्याकडे येते, आणि त्या दिवशी आजीचा रुबाब बघण्यासारखा असतो.

15 ऑगस्टला जोडून राखीपौर्णिमेपर्यंत सुट्टी मिळाली म्हणून मी घरी गेलो, तर घरात वातावरण गरम. अष्टरची अर्धी रोपं शेंड्यापासून गायब. शेवंतीचे कोवळे फुटवे साफ. झेंडूला मात्र अजून हात (म्हणजे तोंड) लागलेलं नव्हतं. आजीचा निकाल लागलेला होता. "तिच्या शेरडांनीच खाल्लं. दुसरं कोण येतंय हितं?" तिच्या म्हणजे शेजारच्या काकूंच्या. दोघींचं बोलणं आठ दिवसांपासून बंद. एरवी दिवसातून चार वेळा चहा-साखरेची देवाणघेवाण करणाऱ्या या बायका!

मी मध्यस्थी करायला गेलो आणि काकूंनी मला जो धडा दिला तो चार वर्षांत कुठल्या प्रॅक्टिकलला मिळणार नाही. त्यांनी सरळ शेळीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. "बघ, वर पुढचे दात हायेत का? आता तुझ्या आजीची झाडं बघून ये जा."

खरंच नव्हते. शेळी, मेंढी, गाय, म्हैस या रवंथ करणाऱ्या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कडक गादी असते. त्यामुळे शेळी झाडाचा शेंडा कापत नाही, ओढून तोडते. देठ फाटतं, त्याचे तंतू लोंबतात. आजीच्या वाफ्यातली देठं मात्र ब्लेडने तिरकी कापल्यासारखी होती. साधारण 45 अंशात, एकदम स्वच्छ. अशी कापणी करायला वर आणि खाली दोन्हीकडे धारदार दात लागतात. ते सशाला असतात. (सशाच्या वरच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारके दात असतात. उंदीर आणि ससा यांना वेगळ्या गटांत टाकण्याचं ते एक कारण.)

मग मी बाकीचा पुरावा गोळा केला. सगळे काप जमिनीपासून फूट-दीड फुटाच्या आत, म्हणजे खाणारा बुटका. वाफ्यात इकडेतिकडे विखुरलेल्या गोल, किंचित चपट्या, वाळलेल्या गवताचा भुसा दाबून केल्यासारख्या लेंड्या. शेळीची लेंडी लांबट, काळपट असते आणि एका जागी ढिगाने पडते. पानांवर चिकट चकाकणारी रेघ नव्हती, म्हणजे गोगलगाय नाही. जवळपास बीळ नव्हतं, म्हणजे उंदीर-घूसही बहुतेक नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता टॉर्च घेऊन बसलो आणि आरोपी प्रत्यक्ष दिसला. लांब कान, मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा, शेवंतीच्या वाफ्यात आरामात बसलेला. मी शिंकलो तसा दोन उड्यांत बांधापलीकडे.

शेळी निर्दोष सुटली. आजीने कबूल काही केलं नाही, पण दुपारी काकूंकडे वाटीभर साखर गेली.

आता पुढचा प्रश्न, उपाय काय? मी टी.ई. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी, त्यामुळे साधा उपाय सुचणं शक्यच नव्हतं. माझ्याकडे मिनी प्रोजेक्टचा पी.आय.आर. सेन्सर पडून होता. हा सेन्सर उष्णता मोजत नाही, उष्णतेतला बदल ओळखतो. त्याच्या दोन भागांवर पडणाऱ्या अवरक्त किरणांत फरक पडला की तो सिग्नल देतो. म्हणजे ऊबदार वस्तू समोरून हलली पाहिजे. त्याला बझर जोडला, बॅटरी लावली, वाफ्याच्या कोपऱ्यात काठीवर बसवला. पहिल्या रात्री बझर अकरा वेळा वाजला. त्यातला ससा किती वेळा, कुत्रं किती वेळा आणि आमची मांजर किती वेळा हे देव जाणे. दुसऱ्या रात्री आजीने उठून बॅटरी काढली. तिसऱ्या रात्री मी ती परत घातली. चौथ्या पहाटे बघतो तर बझर वाजतोय आणि ससा खातोय! आवाज होतो पण पुढे काही होत नाही, हे त्याला कळलं होतं. चमकत्या सी.डी. टांगा, न्हाव्याकडचे केस पसरा, मिरची-लसणाचं पाणी फवारा, हे सगळं त्याच जातीचं. चार दिवस चालतं. मिरचीचं पाणी तर ऑगस्टच्या पावसात संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

आजीने तिच्या पद्धतीने जुन्या साड्या वाफ्याभोवती बांधल्या. आपल्याकडे शेताला अशा साड्या बांधलेल्या सगळ्यांनीच बघितल्या असतील. रानडुक्कर काही दिवस बुजतं म्हणतात. ससा खालून आला. हिरवी प्लॅस्टिकची जाळी आणली, ती त्याने एका रात्रीत कुरतडली.

इथे चुलतभाऊ आला. दादाचं म्हणणं सरळ होतं, "इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग एक तार फिरव आणि करंट सोड. सकाळी मटण." आणि खोटं का सांगू, मला ते पटलं. मटणाचं नव्हे, तारेचं. चार दिवस एक ससा मला वेड्यात काढत होता, डोकं फिरलं होतं. संध्याकाळी मी उघडी तार काढली, खुंट्या ठोकल्या, घरातून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर ओढला. बाबा ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आई फुलं काढायला किती वाजता जाते रे?"

पाच वाजता. अंधारात. अनवाणी. दवाने भिजलेल्या मातीतून.

मी बोर्ड गुंडाळून आत ठेवला. रात्री झोप येईना म्हणून वहीत गणित मांडलं. ते इथे देतो, कारण आपल्यातले अर्धे लोक गावी गेल्यावर हाच सल्ला कोणालातरी देतील. ओल्या अंगाचा रोध सुमारे 1,000 ओहम धरा. 230 व्होल्टला 1,000 ने भागलं की 230 मिलिअँपिअर. साधारण 10 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आवळतात आणि धरलेली तार सुटत नाही. 30 च्या वर गेलं आणि काही क्षण टिकलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. आणि आपण ज्याच्या भरवशावर असतो तो 16 अँपिअरचा एम.सी.बी.? 230 मिलिअँपिअर म्हणजे त्याचा सत्तरावा हिस्सा. तो पडणार नाही. तो वायरिंग वाचवायला असतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची गळती ओळखणारा आर.सी.सी.बी. लागतो, तो आमच्या जुन्या घरात नव्हता. असा करंट सोडलेल्या कुंपणांनी माणसं मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि मेलेला बहुतेक वेळा घरचाच नाहीतर शेजारचा असतो.

शेतावर मिळतं ते झटका मशीन वेगळं. त्यातून व्होल्टेज हजारांत असतं, पण झटका काही मिलिसेकंदांचा, आणि दोन झटक्यांत निदान एका सेकंदाचं अंतर. तेवढ्या वेळात हात सुटतो. आंतरराष्ट्रीय मानकात एका झटक्याची ऊर्जासुद्धा 5 ज्यूलच्या आत बांधलेली आहे. तरीही घरच्या बागेला ते नकोच. सशासाठी तार जमिनीलगत घ्यावी लागते आणि पावसाळ्यात गवत तिला टेकून सगळा झटका जमिनीत जातो.

राहिला सशाला मारण्याचा मुद्दा. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फास लावणं, विष घालणं, सापळ्यात पकडणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग काय राखी बांधू का त्याला?"

शेवटी जे चाललं ते कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती लोखंडी जाळी. पण त्यातही मी आधी चुकलो. मोबाईलवर जेवढी माहिती वाचली त्यात लिहिलेलं की जाळी जमिनीत फूटभर गाडा, ससा खालून उकरून येतो. गणपतीला घरी गेलो (7 सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती) तेव्हा आरती उरकून मुरमात चर खणायला लागलो. चार तासांत दहा फूट झाले आणि हाताला फोड आले. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला की ती माहिती वेगळ्या प्राण्याची आहे. मराठीत आपण दोघांनाही ससा म्हणतो. पांढरा पाळीव ससा ज्याच्यापासून आला तो युरोपातला ससा बिळं करून राहतो, त्याची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रीकॉलिस, बीळ करतच नाही. दिवसभर गवतातल्या उथळ खळग्यात दबून बसतो आणि त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवून जन्मतात. तो आत येतो तो फटीतून. म्हणजे चर खणण्याचं काही कारण नव्हतं!

तेव्हा जाळी अशी लावली. रुंदी चार फूट, भोक एक इंचाचं. दोन इंची स्वस्त पडते, पण तिच्यातून पिल्लू आत जातं. चार फुटांपैकी तीन फूट उभी आणि खालची एक फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीवर सपाट पसरलेली. या पसरलेल्या भागावर दगड ठेवायचे. ससा जाळीच्या बुडाशी येऊन नाक खुपसतो तेव्हा तो त्याच जाळीवर उभा असतो, त्यामुळे ती उचलता येत नाही. महिनाभरात त्यातून गवत उगवतं आणि ती जमिनीला शिवल्यासारखी बसते. दर पाच-सहा फुटांवर बांबूची खुंटी. वाफ्याचा घेर 64 फूट, सांध्यासाठी धरून 70 फूट जाळी आणली, तिचे 2,900 रुपये झाले. पाठीमागे कुत्रं लागलं तर ससा तीन फुटांवरून सहज जाईल, पण चरायला आलेला ससा उडी मारण्याऐवजी खालून वाट शोधतो.

आणि वाट सापडली, फाटकाखाली! आजीसाठी केलेल्या लाकडी फाटकाखाली तीन बोटं फट राहिली होती. दोन दिवसांनी झेंडूचे शेंडे गेले. मग फाटकाखाली जमिनीत एक फरशी उभी गाडली आणि फट एक बोटावर आणली. त्यानंतर माळावर ससा दिसला, वाफ्यात नाही.

अष्टर काही त्या वर्षी सावरली नाही. शेंडा गेलेल्या रोपांना चार-दोन बारकी फुलं आली तेवढीच. झेंडू मात्र उलट फोफावला. झेंडूचे शेंडे आपण मुद्दाम खुडतो, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. सशाने ते काम फुकटात केलं होतं. 12 ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी आळीतल्या टोपल्या आल्या, आणि पहिली टोपली आजीने काकूंची भरली.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा शेवंती भरात होती आणि मी सगळ्यांना जाळी दाखवत फिरत होतो. पाडव्याच्या सकाळी आजीने हाक मारली. वाफ्याच्या कडेची फुलं गेली होती. जाळी जागेवर, दगड जागेवर, फाटकाची फट तेवढीच, फक्त जाळीची वरची कड एका ठिकाणी वाकलेली. मी एक देठ उचलून बघितलं. फाटलेलं होतं आणि तंतू लोंबत होते. भिंतीपलीकडून काकूंची शेळी आमच्याकडे बघत रवंथ करत होती.