किती निघालात, किती आलात

गेवराई,
१८ जानेवारी

चि. भाचीबाईस,


तुझा निरोप मिळाला. कोल्हापूर ते गेवराई, पाच दिवस, चौदा सायकली आणि इथल्या वसतिगृहातल्या पोरांसाठी गोळा केलेले पैसे. वाचून छाती फुगली. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं तुला जरा बोचेल. निरोपाच्या शेवटी तू लिहिलं आहेस, "पाचव्या दिवशी फक्त पस्तीस किलोमीटर आहेत, मामा. बीडहून सुटलो की सगळे मोकळे. गेवराईत पहिला कोण पोचतो ते बघूच."

पोरी, त्या तीन वाक्यांसाठी हे पत्र.

बार्शी-येरमाळा करत येताना तुमचे पाय शिणतील. चौसाळ्याच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट उतरताना मात्र पॅडल न मारता सायकल पळेल आणि मनात येईल, झालं आता. बीडच्या मुक्कामात रात्री गप्पा संपणार नाहीत. चार दिवस जपलेला एकेक नियम पाचव्या दिवशी सकाळी, 'आज काय, पस्तीसच तर आहेत' म्हणत सुटेल. शेवटचा दिवस लहान असतो आणि लहान असल्यामुळेच फसवतो. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. ती चूक तुझ्या आईलाही मी कधी नीट सांगितलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, शाळेत नुकताच कायम झालो होतो. गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. इथे गेवराईत बसून चैन पडेना. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण सायकलींवर निघालो. गल्लोगल्ली फिरून वह्या आणि पैसे जमवले होते. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात सात हजार तीनशे रुपये होते, त्यात चिल्लरच फार. मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई करत दुसऱ्या रात्री लातूर गाठलं. तिसऱ्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच उरले होते. औसा मागे पडलं आणि कुणीतरी घंटी वाजवत पुढे सुटलं. मग थांबतो कोण? पहिल्या तिघांत मी होतो.

आमच्यात शाळेचे एक शिपाई होते, पन्नाशी ओलांडलेले. त्यांची सायकल दूधवाल्याच्या सायकलीसारखी दणकट, कॅरिअर रुंद. म्हणून पहिल्याच दिवशी वह्यांचं पोतं आणि पैशांचा डबा दोन्ही आम्ही त्यांच्याच कॅरिअरवर सुतळीने आवळलं होतं. ते मागे पडले हे औशापासून कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

किल्लारीला पत्र्याच्या शेडमधून माणसं बाहेर आली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "किती निघाला होता?" मी म्हणालो, "अकरा." त्याने बोटाने आम्हाला मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. "दहाच हायत. एक कुठंय?" मी सहज बोलून गेलो, "येतील मागून." म्हातारा काही बोलला नाही. कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत उभा राहिला. त्या गावाने दीड महिना दुसरं केलं तरी काय होतं? माणसंच मोजली होती. 'येतील मागून' हे उत्तर त्याला कसं पुरावं?

आणि मग मला डब्याची आठवण झाली. आम्ही दहा जण धापा टाकत पोचलो होतो, आणि द्यायला आमच्या हातात काही नव्हतं. शिपाईकाका दोन तासांनी आले. लामजन्याच्या अलीकडे चेन तुटली होती. पोत्यासकट सायकल ढकलत आले, स्टँडवर लावली आणि मला म्हणाले, "सर, उशीर झाला." माफी त्यांनी मागितली. त्या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं झाली, पण अजून रात्री कधी कधी मला ते "सर" ऐकू येतं.

म्हणून सांगतो, पाचव्या दिवशी सकाळी चाल बदल. ज्याचे गुडघे कुरकुरायला लागलेत, ज्याची सायकल जुनी आहे, त्याला पुढे घाल आणि सगळ्यांनी त्याच्या चालीने चला. जानेवारीत इकडे उत्तर-ईशान्येचा वारा असतो आणि बीडहून गेवराईकडे येताना तुमचं तोंड उत्तरेलाच असणार. तेव्हा त्याच्यापुढे एक दणकट गडी वारा अंगावर घ्यायला ठेव आणि तो पंधरा-वीस मिनिटांनी बदलत जा. तू स्वतः सगळ्यांत मागे राहा. पंप, जादा ट्यूब, चेन जोडायचं हत्यार तुझ्याच पिशवीत असू दे. पंक्चर पुढच्याचं होवो की मधल्याचं, सामान मागून आपोआप त्याच्यापाशी पोचतं. सामान घेऊन पुढे गेलेल्याला मात्र उलटं यावं लागतं.

रस्ता आता चौपदरी आहे, गुळगुळीत आहे. तुम्हा शहरातल्या पोरांना त्याचाच मोह पडेल. पण हे दिवस गाळपाचे. उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. फाट्यापर्यंतचा वळसा वाचवायला उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल हा तर आपल्याकडचा नित्याचा प्रकार. कडेच्या पट्ट्यातून एकामागे एक चला. पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर थांबा आणि मोजा. गढीला थांबा आणि पुन्हा मोजा. चौदा भरले तरच पुढे.

तू लहान असताना आषाढाच्या आधी आमच्या ओट्यावर बसून मुक्ताबाईंची पालखी बघायचीस, आठवतं? मुक्ताईनगरहून निघालेली ती पालखी शहागडला गोदावरी ओलांडून गेवराईत येते आणि पुढे बीडच्या वाटेने पंढरीला जाते. महिनाभराची चाल. तुम्ही त्याच वाटेचा काही भाग उलटा येणार आहात. त्या दिंडीत साठी-सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात आणि तरण्याबांड पोरांची चाल त्यांच्यामुळे आपसूक आवरती होते. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या जमतात. तिथून पंढरपूर हाकेच्या अंतरावर. महिनाभर चाललेल्या माणसाने तिथे धाव घेतली तर कुणी नावं ठेवली असती का? पण नेमका तिथेच मानाचा क्रम लागतो, आणि त्या क्रमात ज्ञानोबांची पालखी सगळ्यांच्या शेवटी असते. शाळकरी वयात मला हे अजब वाटे, एवढे मोठे आणि मागे कसे? त्याचं एक उत्तर मला किल्लारीच्या रस्त्यावर मिळालं.

तुझ्या पिढीला सायकलवरचंच उदाहरण हवं असेल तर बाबा आमट्यांचं घे. २४ डिसेंबर १९८५ ला कन्याकुमारीहून त्यांची भारत जोडो यात्रा निघाली. पुढच्या दोन दिवसांत बाबांना एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसताही न येणारे बाबा गाडीत आडवे पडून. तसे ते पाच हजार किलोमीटर काश्मीरपर्यंत गेले. नंतर १९८८ मध्ये पुन्हा निघाले, इटानगरहून गुजरातच्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटर. त्या यात्रांत सगळ्यांत जोरात सायकल कुणी मारली, हे आज कुणी विचारतं का? पॅडलला पाय लावू न शकलेला माणूसच लोकांच्या लक्षात राहिला.

आता पोचल्यावरचं.

तू ज्या पोरांसाठी येते आहेस त्यांचे आई-बाप तुझ्याच कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या फडात तोडीला आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन जोडपी इथून जातात. आपल्याकडे जोडप्याला जोडपं म्हणत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, खोपीच्या ताट्या आणि कडेवरचं लेकरू. शाळेत जाणारी पोरं मागे राहतात, आजीपाशी किंवा वसतिगृहात. ज्या वाटेने आई-बाप गेले त्याच वाटेने तुम्ही चौदा जण येणार. पोरं रस्त्याकडे बघतील ती सायकलींसाठीच बघतील असं समजू नकोस.

तू शिरोळकडच्या फडांत जाऊन त्या आई-बापांचे आवाज मोबाईलमध्ये भरून घेतलेस, ते निरोपात एका ओळीत उरकलंस. पैसे किती जमले यावर मात्र दहा ओळी खर्च केल्यास. मला विचारशील तर तुमच्या सायकलींवरचं सगळ्यांत मोलाचं ओझं ते आवाज आहेत. आल्यावर आधी ते दे. एकेका पोराला बाजूला घेऊन, कानाशी मोबाईल धरून. माईकवरून ऐकवू नकोस. आईचा आवाज ऐकून रडायचं की हसायचं हे त्या पोराला गर्दीविना ठरवू दे. ज्यांच्या आई-बापांचा फड तुम्हाला सापडला नाही, त्या पोरांना काय सांगायचं ते आदल्या रात्री बीडमध्ये बसून ठरवा. बाकीची पोरं ऐकत असताना ती कुठल्या तरी कोपऱ्यात उभी असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसायला एक जण नेमून ठेव.

पोरांना तुमच्या स्वागतासाठी उन्हात रांगेत उभं करू नका, असं वसतिगृहात मी सांगून ठेवतो. तूही मोठ्या कागदाचा धनादेश करून फोटो काढायचं मनात आणू नकोस. देणाऱ्याच्या हाताबरोबर घेणाऱ्याचं तोंड छापलं जातं आणि ते पोर मोठं होऊन तो फोटो बघतं.

मग हिशेब. कारखान्याचं गाळप संपलं की टोळ्या म्हणतात, 'पट्टा पडला.' त्या दिवशी माणसं हसत गावाकडे निघतात खरी, पण त्याआधी मुकादमापुढे बसावं लागतं. उचल फिटली की काही अंगावर राहिली, हे तिथे कळतं. अंगावर राहिली तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच कोयता. तुमचाही पट्टा गेवराईत पडणार आहे. लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे ही तुमच्यावरची उचल समज. तुमचे वाटेतले जेवणखर्च, पंक्चरचे पैसे त्यातून जाता कामा नयेत. पै-पैचा कागद दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या भिंतीवर लाव आणि ज्यांनी ज्यांनी दिले त्यांना पाठव. दहा रुपये देणाऱ्यालाही.

आणि मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडून आई-बाप परतले की एकदा ये. सायकलीवर नको, एसटीने ये. तेव्हा कुणी बघायला जमणार नाही. ज्यांचे आवाज आणलेस त्यांना त्यांच्याच दारात बसून भेट.

तुझ्या मामीने हुरड्याचं बघून ठेवलं आहे. भाकरी आणि ठेचा तर असेलच. चौदा ताटं मांडायची म्हणून शेजारून पितळ्या मागवल्या आहेत. त्यातली एक जरी रिकामी राहिली तर ती जेवायला वाढणार नाही, हे तिने निक्षून सांगितलं आहे. तिला ही किल्लारीची गोष्ट मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितली होती.

मी त्या दिवशी सकाळी गढीच्या फाट्यावर येऊन थांबेन. हातात हार नसेल. डोळे आता अधू झालेत, लांबून चेहरे ओळखू येत नाहीत, पण मोजता येतं.

तुझा,
मामा