गिटमधला ‘-एन’: अक्षर एक, कामं अनेक

प्रश्न: ‘गिट पुश -एन’ने नुसती रंगीत तालीम होते. त्याच भरवशावर ‘गिट कमिट -एन’ दिलं, तर कमिट खरोखरच झालं! असं का?

उत्तर: तुमचा तर्क बरोबर आहे, विसंगती गिटमध्येच आहे. ॲड, पुश, क्लीन या कमांडमध्ये ‘-एन’ दिलं की काय होईल ते फक्त दिसतं. कमिटमध्ये मात्र तोच पर्याय प्री-कमिट तपासणी टाळून थेट कमिट करतो. क्लोनमध्ये तो फायली चेकआउट करत नाही. लॉगमध्ये त्यापुढे किती कमिट दाखवायचे तो आकडा लागतो. लघुरूपं प्रत्येक कमांडपुरती ठरलेली असल्याने हा घोळ होतो.

कमिट अजून पुश केलं नसेल, तर ‘गिट रिसेट --सॉफ्ट हेड~1’ने मागे घ्या, तुमचे बदल शाबूत राहतील. यापुढे ‘--ड्राय-रन’ असं पूर्णच लिहा. ते कमिटलाही चालतं.