बीपीची गोळी चालू असताना पेनकिलर घेण्यापूर्वी

गुडघा धरला की मेडिकलमध्ये जाऊन ‘एक दुखण्याची गोळी द्या’ म्हणायची आपल्याकडे सवयच आहे. बीपीचं औषध चालू असेल तर एवढ्यावर थांबू नका. आपली रोजची स्ट्रिप काउंटरवर ठेवा आणि ‘याच्यासोबत चालेल का?’ असं विचारा.

त्याआधी ती स्ट्रिप उलटी करून वाचा. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी नावं सापडली, तर जपून. सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. ब्रँडपुढचा ‘एच’ बहुधा त्याचाच. कित्येकांना हे ठाऊकच नसतं, म्हणून सांगतोय.

आता पेनकिलरची स्ट्रिप बघा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांपैकी काही दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं. मूत्रपिंडाकडे रक्त आणणारी नळीही त्यांनी आकसते. बाहेर नेणारी नळी प्रिल-सार्टननी आधीच सैल केलेली असते, लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आले की रक्त गाळायला लागणारा दाबच उरत नाही. वय झालेलं असेल, त्यात जुलाब-उलट्या किंवा कडक उन्हाळा, तर मूत्रपिंड बिघडायला थोडे दिवसही पुरतात.

साध्या दुखण्याला आधी शेक आणि पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, मध्ये किमान चार ते सहा तास. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास, दारू किंवा कमी वजन असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पॅरासिटामॉलही रोज महिनोन्‌महिने नको. एडिंबरा विद्यापीठाच्या 2022 मधल्या अभ्यासात बीपीच्या रुग्णांना दोन आठवडे रोज 4 ग्रॅम दिल्यावर वरचं बीपी सुमारे 5 अंकांनी चढलं. पाण्यात फसफसणारी गोळी टाळाच, तिच्यात सोडियम भरपूर असतं. आणि कॉम्बिफ्लाम म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल नव्हे, त्यात 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आहे.

डॉक्टरांनीच दुसरी पेनकिलर लिहून दिली, तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. तेवढे दिवस घरी बीपी मोजून वहीत लिहा, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियमची तपासणी करायची का ते विचारा. बीपीची गोळी किंवा हृदयासाठी दिलेली 75 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका.

लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा दम लागला, तर पेनकिलर थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखणं छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात असेल, तर गोळी शोधत बसू नका; 108 ला फोन लावा.