कोको : छाटकलमाने अभिवृद्धी
कोकोत परपरागीभवन होत असल्याने बीजरोपांत मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. झाड कमी फळणारे आहे, हे शेतकऱ्यास तीन-चार वर्षांनी उमगते. तोवर जागा, पाणी व श्रम खर्ची पडलेले असतात. यावर उपाय म्हणून १९३० च्या दशकात त्रिनिदाद येथील इम्पीरियल कॉलेज ऑफ ट्रॉपिकल अ‍ॅग्रिकल्चर या संस्थेत छाटकलमाची पद्धत विकसित झाली. निमपक्व फांदीच्या तुकड्यावरील पाने अर्धी कापून, बुडाशी मुळे फुटण्यासाठी संजीवक लावून तो सावलीत, अतिशय दमट हवेत ठेवतात.

खरा प्रश्न फांदीच्या निवडीचा आहे. कोकोस दोन प्रकारच्या फांद्या येतात. सरळ वर जाणाऱ्या फुटव्याचे कलम बीजरोपाप्रमाणे उभे वाढते, परंतु असे फुटवे मोजकेच मिळतात. पंख्यासारख्या पसरणाऱ्या फांद्या मुबलक असतात. मात्र त्यांपासून झुडूपवजा झाड होते, त्यास छाटणीने वळण द्यावे लागते आणि सोटमुळाचा आधारही मिळत नाही.

केरळ, कर्नाटक, तामिळनाडू व आंध्र प्रदेशात नारळ-सुपारीच्या बागांतील आंतरपीक म्हणून कोको घेतला जातो. तेथे छाटकलमापेक्षा मृदुकाष्ठ कलम व डोळा भरणे या पद्धती अधिक रूढ आहेत. विद्यार्थी यांत अनेकदा गल्लत करतात. छाटकलमात संपूर्ण रोप एकाच झाडाचे असते. मृदुकाष्ठ कलमात सोटमूळ बीजरोपाच्या खुंटाचे, तर फळणारा भाग निवडक झाडाचा असतो.