छत्तिसावा दिवस

“डॉक्टर, महिनाभर ठेवून घेतात आणि दारू सुटते म्हणे, खरं का हो?” हा प्रश्न बहुतेक वेळा बायको विचारते. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो.

खरं आहे, पण अर्धंच. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात हा मुक्काम ३५ दिवसांचा असतो. त्यातले पहिले चार-पाच दिवस निव्वळ डॉक्टरांचे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, की काही तासांतच हात थरथरू लागतात, चहाचा कप बशीवर खडखडतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात. माझा एक पेशंट रात्रभर चादरीवरून मुंग्या वेचत होता. चादरीवर एकही मुंगी नव्हती. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवू, आपोआप सुटेल’ हा प्रयोग घरी नको. आणि हो, ‘ताकदीचं सलाइन’ लावायच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का, हे जरूर विचारा. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुड्या चहात कालवू नका. त्यात काय असतं हे तुम्हाला ठाऊक नसतं. दारूची रिअॅक्शन आणणारं औषध असलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं.

उरलेला महिना समुपदेशन, गटचर्चा आणि वेळेवर उठण्या-जेवण्याचा. केंद्र निवडताना डॉक्टर रोज येतात का, नोंदणी आहे का, ते पाहा. साखळीने बांधून ठेवायला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मनाई आहे. मारहाण होते असं कानावर आलं, तर तिथून उठून या.

खरी परीक्षा छत्तिसाव्या दिवशी. जुना मित्र, पगाराचा दिवस, नाक्यावरचा तोच बार. ब्राउन शुगरवाल्यांच्या घरच्यांनी तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते. जुन्याच मात्रेने घेतलं तर श्वास थांबू शकतो. घरी आल्यावर फॉलोअपची तारीख चुकवू नका. एकदा घसरला तर ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणू नका, त्याच आठवड्यात परत आणा. त्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ द्या, आणि तुम्हीही घरच्यांच्या गटात बसा. तिथे बायका पहिल्यांदाच मोकळेपणी बोलतात, हे मी पाहिलं आहे.

कुठे जावं कळत नसेल, तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फोन फुकट लागतो. माझ्याकडे येणार असाल, तर आधी बाकावरच्या त्या माणसाला आत बोलवा. मला पहिलं बोलायचंय ते त्याच्याशी.